वाचकांचे प्रश्न : छायाचित्र टिपून झाल्यानंतर

कॅमेरा कोणता घ्यावा, हा प्रश्न या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पूर्वी सर्वाधिक असे. आता त्याची जागा, टिपलेल्या छायाचित्राचे पुढे काय करावे आणि किती करावे, या प्रश्नाने घेतली आहे. अशा पत्रांपैकी काही येथे संक्षिप्त करून घेतली आहेत. नाव छापू नये, अशी विनंती बहुतेकांनी केल्यामुळे फक्त गावांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : पावसाळ्यात आंबा घाट आणि राधानगरीच्या परिसरात काढलेली माझी निसर्गचित्रे संगणकावर फिकट व धुरकट दिसतात. लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये ती उठावदार करू लागलो की हिरवा रंग प्लॅस्टिकसारखा होतो आणि डोंगरकड्यांभोवती पांढरी रेघ उमटते. संस्करणाचा काही ठरावीक क्रम असतो का? (कोल्हापूर)

उत्तर : आपण रॉ फाइल वापरत असाल, तर तिचा फिकटपणा स्वाभाविक आहे. कॅमेऱ्यातल्या संवेदकाने (सेन्सरने) प्रत्येक बिंदूवर मोजलेला प्रकाश तिच्यात जवळजवळ जसाच्या तसा साठवलेला असतो. कॉन्ट्रास्ट, रंगांचा गडदपणा आणि शार्पनिंग यांचे अंतिम संस्कार तिच्यावर अजून झालेले नसतात. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक बिंदूच्या उजेडासाठी १६,३८४ पायऱ्या असतात, तर ८ बिटांच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगासाठी २५६ पायऱ्याच उरतात. त्यामुळे ढगांमधला किंवा दरीच्या सावलीतला तपशील वर आणायचा झाल्यास तो रॉ फाइलमधूनच आणावा. जेपेगमध्ये तोच प्रयत्न केला, तर आकाशात पट्टे पडतात आणि सावलीत रंगीत खडबडीतपणा दिसू लागतो.

क्रम म्हणाल, तर आधी संपूर्ण चित्र आणि मग त्याचे भाग. प्रथम व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगछटेची दुरुस्ती, ठरवावा, कारण ढगाळ दिवसाचा उजेड निळसर असतो आणि तो निळेपणा तसाच राहिला, तर पुढे हिरव्या रंगाशी कितीही झटापट केली तरी तो थंड व कृत्रिमच दिसतो. त्यानंतर एक्स्पोजर पाहावे आणि ते डोळ्यांवर न सोडता हिस्टोग्रामवर, म्हणजे चित्रातल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या बिंदूंच्या आलेखावर, ताडून पाहावे. आलेख उजव्या कडेला जाऊन आपटला असेल, तर धुक्याच्या त्या भागातला तपशील संवेदकानेच टिपलेला नाही आणि कोणताही स्लायडर तो परत देणार नाही. मग हायलाइट्स, शॅडोज आणि कर्व्ह हाताळावेत. रंग सर्वांत शेवटी घ्यावेत.

आपली खरी अडचण रंगात आहे. सह्याद्रीतल्या श्रावणातील हिरव्यात, विशेषतः कोवळ्या गवतात आणि भाताच्या खाचरांत, पिवळ्याचा अंश फार मोठा असतो. सॅच्युरेशनचा स्लायडर सर्व रंगांना सारखाच पुढे ढकलतो, त्यामुळे आधीच गडद असलेला हिरवा प्रथम बिघडतो. तो स्लायडर आहे तिथेच ठेवून कलर मिक्सरमध्ये जावे, हिरव्याची छटा किंचित पिवळ्याकडे सरकवावी, त्याचे सॅच्युरेशन थोडे उतरवावे आणि उजळपणाही कमी करावा. रंग कमी केल्याने चित्र अधिक हिरवे वाटते, हे करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

कड्यांभोवतीची पांढरी रेघ क्लॅरिटी, डीहेझ आणि शॅडोज यांच्या अतिरेकातून येते. ही साधने प्रत्येक भागाची तुलना शेजारच्या भागाशी करून फरक वाढवतात. काळा कडा आणि उजळ आकाश जिथे भिडतात तिथे मुळातच फरक मोठा असल्याने तो मर्यादेबाहेर जातो. म्हणून अशी साधने मास्क लावून, म्हणजे चित्राचा ठरावीक भाग निवडून, जमिनीपुरतीच वापरावीत आणि आकाश त्यांतून वगळावे. डीहेझविषयी माझे मत याहून कडक आहे. एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या डोंगररांगांमुळेच आपल्याला अंतर कळते. धुके पुसले की मागची रांग पुढच्या रांगेला येऊन चिकटते. पावसाळ्यातले धुके ज्यांना दोष वाटते त्यांनी हिवाळ्यात फोटो काढायला जावे.

प्रश्न : मी कोणतेही एडिटिंग करत नाही. मोबाइलने जे टिपले तेच दाखवतो. तरीही आमच्या गटातले लोक ‘हेही एडिटच आहे’ असे म्हणतात. हे बरोबर आहे का? (ठाणे)

उत्तर : बरोबर आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या संवेदकावर कोडॅकचे ब्राइस बायर यांनी सुचवलेल्या रचनेची रंगगाळणी असते. तिच्यामुळे प्रत्येक बिंदू लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून गणिताने काढले जातात. म्हणजे कोणत्याही डिजिटल छायाचित्रातली दोन तृतीयांश रंगमाहिती मुळात हिशेबातून आलेली असते. मोबाइल याच्या बराच पुढे जातो. तो एका दाबात अनेक चौकटी घेऊन त्यांची जुळणी करतो, चेहरा ओळखून उजळतो, आकाश वेगळे हाताळतो. चंद्राचे छायाचित्र घेताना सॅमसंगचे फोन स्वतःहून तपशील भरतात, असा वाद मार्च २०२३ मध्ये झाला, तेव्हा त्यांतील सॉफ्टवेअर चंद्र ओळखून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तपशील वाढवते, असा खुलासा कंपनीनेच केला होता. आपण एडिटिंग करत नाही, याचा अर्थ ते निर्णय आपल्याऐवजी फोनच्या अभियंत्यांनी घेतले आहेत, एवढाच आहे.

प्रश्न : कोकणातल्या एका जुन्या मंदिराच्या छायाचित्रातून मी शिखरासमोरची विजेची तार काढून टाकली आणि ते एका स्पर्धेच्या ‘वारसा-दस्तऐवज’ विभागात पाठवले. मूळ फाइल मागवून परीक्षकांनी ते बाद केले. मंदिराचा मी एक दगडही हलवलेला नाही. ब्राइटनेस बदललेला चालतो, चित्र कापलेले चालते, मग एक तार काढलेली का चालू नये? (रत्नागिरी)

उत्तर : आपला राग समजण्यासारखा आहे, परंतु निर्णय परीक्षकांचा योग्य होता, असे मला वाटते, आणि आपण विचारलेला ‘मग हे का चालते’ हा प्रश्न इतका रास्त आहे की त्याचे उत्तर थोडे विस्ताराने द्यायला हवे.

अशा वादांचे खापर फोटोशॉपवर फोडण्याची पद्धत आहे. थॉमस आणि जॉन नोल या भावांनी तयार केलेले हे सॉफ्टवेअर अ‍ॅडोबीने फेब्रुवारी १९९० मध्ये विक्रीस आणले. नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने आडव्या छायाचित्रातले गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवून उभ्या मुखपृष्ठात बसवले ते फेब्रुवारी १९८२ च्या अंकात, म्हणजे त्याआधी आठ वर्षे. सोव्हिएत काळात मर्जीतून उतरलेला निकोलाय येझोव्ह हा अधिकारी स्टालिनच्या शेजारून नाहीसा झाला तो डार्करूममधल्या हातकामाने. उलट १८५७ मध्ये ऑस्कर रेलँडर यांनी तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भव्य दृश्य रचले होते आणि ते रचलेले चित्र म्हणूनच लोकांपुढे ठेवले होते. फेरफार तिन्ही ठिकाणी आहे, पण त्यांना एकाच पंक्तीला बसवता येत नाही, कारण प्रत्येकाने पाहणाऱ्याला दिलेला शब्द वेगळा होता.

आपल्या तारेला सर्वांत जवळचे उदाहरण नार्सिसो कॉन्ट्रेरास यांचे आहे. असोसिएटेड प्रेससाठी सीरियाच्या युद्धात काम केलेल्या आणि २०१३ चे पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या चमूत असलेल्या या छायाचित्रकाराने एका चित्राच्या कोपऱ्यात आलेला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा क्लोन करून, म्हणजे चित्रातल्याच दुसऱ्या भागाची नक्कल त्यावर बसवून, झाकला. त्या कॅमेऱ्यामुळे युद्धाविषयीची कोणतीही माहिती बदलत नव्हती. तरीही जानेवारी २०१४ मध्ये संस्थेने त्यांच्याशी संबंध तोडले. हे कठोर वाटते, पण संस्थेची बाजू विचारात घ्यावी. बिनमहत्त्वाचे काय हे ठरवण्याचा अधिकार एकदा प्रत्येक छायाचित्रकाराला दिला, की काय काढले गेले हे वाचकाला कधीच कळणार नाही. लॉस एंजेलिस टाइम्सचे ब्रायन वॉल्स्की यांनी २००३ मध्ये बसराजवळ एकापाठोपाठ घेतलेल्या दोन चौकटी जोडून एक अधिक प्रभावी चौकट केली आणि नोकरी गमावली. २००६ मध्ये बैरूतवरचा धूर क्लोन करून वाढवल्याचे उघड झाल्यावर रॉयटर्सने अदनान हज यांची ९२० छायाचित्रे विक्रीतून काढून घेतली. आपल्याकडेही डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या पुराच्या वेळी पत्र सूचना कार्यालयाने प्रसृत केलेल्या चित्रात विमानाच्या खिडकीतले दृश्य बदललेले आढळले आणि ते मागे घ्यावे लागले.

आता आपला मुख्य आक्षेप. चित्र कापणे चालते, कारण प्रत्येक चित्राला कडा असते आणि कडेबाहेर काहीतरी राहून गेले आहे, हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. मधोमध भोक पाडून ते बुजवलेले आहे, अशी शंका मात्र त्याला येत नाही. संवेदकावरच्या धुळीचा ठिपका पुसणे चालते, कारण तो ठिपका मंदिरासमोर नव्हता, आपल्या कॅमेऱ्यात होता. तार मंदिरासमोर होती. उजेड-अंधाराचा समतोल डार्करूममध्येही डॉजिंग आणि बर्निंग करून, म्हणजे छापताना एखाद्या भागावर कमी किंवा अधिक उजेड पाडून, बदलला जात असे. पण तिथेही मर्यादा आहे. एखादा कोपरा इतका काळा केला की त्यातली वस्तू दिसेनाशी झाली, तर ती वस्तू काढून टाकल्यासारखेच झाले. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत २०१५ साली उपान्त्य फेरीत पोहोचलेल्या चित्रांपैकी सुमारे एक पंचमांश चित्रे मूळ फाइलशी ताडून पाहिल्यावर बाद झाली होती, तेव्हा याच प्रकारच्या अतिरेकी संस्करणाविषयीही परीक्षकांनी नाराजी व्यक्त केली होती.

हेच चित्र आपण घरच्या भिंतीवर लावले किंवा दिनदर्शिकेसाठी दिले असते, तर तार काढण्यास माझी हरकत नव्हती. ब्रिटनच्या राजघराण्याने मार्च २०२४ मध्ये मातृदिनानिमित्त राजकुमारी केट आणि तिच्या मुलांचे छायाचित्र प्रसिद्ध केले होते. मुलीच्या बाहीजवळची जुळणी चुकल्याचे लक्षात येताच मोठ्या वृत्तसंस्थांनी ते वापरू नये, अशा सूचना आपल्या ग्राहकांना पाठवल्या. कौटुंबिक अल्बममध्ये त्या बाहीकडे कोणी पाहिलेही नसते. आपण निवडलेल्या विभागाच्या नावातच ‘दस्तऐवज’ आहे, आणि दस्तऐवज म्हणून पाहिले तर ती तार चित्रातली फार मोलाची गोष्ट आहे. गावात वीज आल्यानंतरचे हे मंदिर आहे, हे पुढच्या अभ्यासकाला तीच सांगणार. तिचा इतकाच त्रास होत असेल, तर दोन पावले डावीकडे सरकून ती शिखराआड जाते का, हे पुढच्या खेपेस पाहावे.

प्रश्न : जेपेग फाइल वारंवार उघडली, तर तिचा दर्जा घसरतो, असे ऐकले. खरे आहे का? (पणजी)

उत्तर : उघडून पाहिल्याने काहीही बिघडत नाही. बदल करून पुन्हा जेपेग म्हणून जतन केल्यावर चित्र आठ बाय आठ बिंदूंच्या चौकोनांत नव्याने दाबले जाते आणि प्रत्येक वेळी थोडा तपशील गळतो. काम चालू असताना फाइल तपशील न गाळणाऱ्या टिफ किंवा पीएसडी स्वरूपात ठेवावी आणि जेपेग शेवटी एकदाच काढावे.

प्रश्न : मी लग्नाचे फोटो काढतो. ‘नवरी जरा गोरी करून द्या’ ही मागणी जवळजवळ प्रत्येक घरातून होते. नकार दिला तर ग्राहक जातो. तसे केले, तर चेहरा आणि हात वेगळ्या रंगांचे दिसतात. यातून मार्ग काय? (सांगली)

उत्तर : आपल्या प्रश्नाचा तांत्रिक भाग आधी घेतो, कारण या मागणीचा बराचसा उगम चुकीच्या रंगांत असतो, असा माझा कयास आहे. हळदीच्या कार्यक्रमात पिवळा मांडव, झेंडूच्या माळा आणि पिवळी वस्त्रे यांवरून परतणारा उजेड चेहऱ्यावर पडतो. स्वागतसमारंभात रंगमंचावरचे जांभळे एलईडी दिवे असतात. या उजेडात गव्हाळ किंवा सावळी कांती मळकट दिसते आणि घरच्यांना वाटते की मुलगी काळी दिसते आहे. प्रत्येक ठिकाणचा उजेड बदलला की एक चौकट करड्या कार्डाची घ्यावी, तिच्यावरून व्हाइट बॅलन्स सुधारावा आणि चेहऱ्याचे एक्स्पोजर योग्य पातळीवर आणावे. सावळा चेहरा नीट उजेडात, नितळ आणि त्याच्या स्वतःच्या रंगात छापून आला, की अनेक घरांतली मागणी तिथेच विरते.

त्वचेच्या बाबतीत चांगले रिटचर एक साधा संकेत पाळतात. पुटकुळी, ओरखडा, घामाची चमक अशा तात्पुरत्या गोष्टी काढाव्यात. तीळ, व्रण, खळी अशा कायमच्या गोष्टींना ज्याची ती त्याने स्वतः सांगितल्याशिवाय हात लावू नये. त्वचा गुळगुळीत करणारे प्लगइन पूर्ण जोराने लावू नये, वेगळ्या लेयरवर (चित्रावर ठेवलेल्या स्वतंत्र थरावर) लावून तिची अपारदर्शकता बरीच उतरवावी, म्हणजे त्वचेची रंध्रे दिसत राहतात. चेहरा आणि हात यांच्या रंगांत फरक पडतो, तो बहुधा मेकअपमुळे आधीच असतो. तो मिटवायचा असेल, तर चेहऱ्याचा रंग मानेच्या रंगाकडे आणावा. आपण नेमके उलट करत असणार.

राहिला नकाराचा प्रश्न. अमेरिकेतल्या टाइम साप्ताहिकाने जून १९९४ मध्ये ओ. जे. सिम्पसन यांचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र मुखपृष्ठावर गडद करून छापले. त्याच आठवड्यात न्यूजवीकने तेच चित्र न बदलता छापल्याने दोन्ही अंक शेजारी ठेवून लोकांनी जाब विचारला. तिथे कातडीचा रंग गडद करून माणूस गुन्हेगार भासवला गेला, इथे तो उजळ करून मुलगी सुंदर ठरवली जाते. दोन्हींमागची समजूत एकच आहे. फिल्मच्या जमान्यात रंग जुळवण्यासाठी कोडॅककडून प्रयोगशाळांना जी संदर्भचित्रे मिळत, त्यांतली स्त्री अनेक वर्षे गोरीच असे, ही गोष्टही या धंद्यातल्या माणसाने विसरू नये. फ्रान्सने २०१७ पासून आणि नॉर्वेने २०२२ पासून जाहिरातींत शरीराची ठेवण बदललेल्या चित्रांवर तसे नमूद करणे बंधनकारक केले आहे. लग्नाच्या अल्बमला असा कोणताही कायदा लागू नाही, पण आपल्या दरपत्रकात ‘रंगसुधारणा केली जाईल, त्वचेचा वर्ण बदलला जाणार नाही’ असे एक वाक्य आधीच छापून ठेवण्यास काही हरकत नसावी. काही ग्राहक तरीही जातील. मागणी घरच्या वडीलधाऱ्यांची असेल, तर प्रत्यक्ष नवरीला एकदा विचारावे, एवढे मात्र अवश्य सुचवतो.

प्रश्न : आजी-आजोबांचा एकत्र असा एकच फोटो आमच्याकडे आहे. तो फाटला आहे, त्यावर हळद-कुंकवाचे डाग आहेत आणि वरचा भाग काचेला चिकटला आहे. मोबाइलमधल्या एका अ‍ॅपने तो क्षणात स्वच्छ आणि रंगीत करून दिला, पण आईचे म्हणणे असे की ‘या माझ्या आई नव्हेत’. स्टुडिओत द्यावा की घरी प्रयत्न करावा? (इंदूर)

उत्तर : आपल्या मातोश्रींचे म्हणणे अक्षरशः खरे असू शकते. अशी अ‍ॅप्स पुसट चेहरा स्वच्छ करत नाहीत. लाखो चेहऱ्यांवरून शिकलेले त्यांचे प्रारूप त्या पुसट ठशात बसेल असा एक नवा चेहरा तयार करते. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातील संशोधकांच्या अशाच एका प्रणालीला बराक ओबामा यांचे बिंदू-बिंदू झालेले चित्र दिले, तेव्हा तिने एका गोऱ्या माणसाचा चेहरा बनवून दिला आणि त्यावर बरीच चर्चा झाली. आजींच्या गालावरचा उंचवटा किंवा किंचित तिरपा ओठ हा त्या प्रारूपाच्या दृष्टीने दोष असतो आणि तो ‘दुरुस्त’ होतो. माणसाची ओळख नेमकी तिथेच असते.

सर्वप्रथम, काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. इमल्शनचा थर काचेवरच राहील. काचेसह स्कॅन करावा किंवा दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड टाकून कॅमेऱ्याने टिपावा. स्कॅन किमान ६०० डीपीआयवर, टिफ स्वरूपात आणि, चित्र कृष्णधवल असले तरी, रंगीतच करावा. याचे कारण फार उपयोगी आहे. हळद आणि कुंकू दोन्ही लाल उजेड परावर्तित करतात, त्यामुळे फोटोशॉपमध्ये किंवा मोफत मिळणाऱ्या गिम्पमध्ये लाल चॅनेल, म्हणजे चित्रातली फक्त लाल उजेडाची नोंद, वेगळा काढून पाहिला, तर ते डाग पुष्कळसे नाहीसे होतात. कागदाचा पिवळेपणाही त्यात कमी दिसतो. निळ्या चॅनेलमध्ये हेच डाग काळे ठिक्कर दिसतील. निळ्या शाईने कोणी मागून-पुढून नाव लिहिले असेल, तर मात्र त्या जागेपुरता निळा चॅनेल उपयोगी पडतो. अर्धे काम अशा रीतीने ब्रश न उचलताच होते.

उरलेले काम हीलिंग ब्रश आणि क्लोन स्टँपने करावे, आणि ते मूळ चित्रावर न करता वर घेतलेल्या कोऱ्या लेयरवर करावे, म्हणजे काय भरले ते केव्हाही बंद करून पाहता येते. भिंत, पडदा, लुगड्याचे काठ येथे मोकळेपणाने भरावे. चेहऱ्यावरून फाट गेली असेल, तर फक्त तिची रेघ मिटवावी आणि डोळा किंवा ओठच नाहीसा झाला असेल, तर तो दुसऱ्या खऱ्या फोटोतून मिळतो का, हे नातेवाइकांकडे विचारावे. नाही मिळाला, तर ती जागा पुसट राहू द्यावी. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंत निगेटिव्हवर पेन्सिलने सुरकुत्या मिटवणे, दोन निरनिराळ्या फोटोंतून दिवंगत पती-पत्नी शेजारी बसवणे, रंगांनी शालू खुलवणे हे सर्रास चाले आणि त्यात कोणाला फसवल्याची भावना नसे, हे मान्य आहे. पण तिथे रंगवणाऱ्याला निदान घरचे लोक सांगत असत की शालू कोणत्या रंगाचा होता.

रंग भरण्याविषयीही हेच म्हणावे लागेल. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत प्रचलित असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक काचपट्ट्या आणि फिल्म यांना लाल रंग दिसतच नसे. त्यामुळे लाल लुगडे आणि कपाळावरचे कुंकू दोन्ही काळी उमटत. फोटो त्या काळातला असेल, तर त्या काळ्या ठिकाणी काय होते, हे यंत्राला कळण्याचा मार्गच नाही. नऊवारी कोणत्या रंगाची होती, हे आपल्या मातोश्रींना आठवत असेल, तर रंगीत प्रत त्यांच्याशेजारी बसून करावी आणि ती वेगळी ठेवावी. स्टुडिओत द्यायचे ठरवले, तर मूळ फोटो हातचा सोडू नये, स्कॅन द्यावा आणि चेहऱ्यावर कृत्रिम बुद्धिमत्ता वापरू नये, हे आधी बजावावे.

प्रश्न : संगणकावर सुंदर दिसणारे फोटो लॅबमधून काळपट छापून येतात. बारा बाय छत्तीस इंचांच्या अल्बमसाठी चोवीस मेगापिक्सेल पुरतात का? (नाशिक)

उत्तर : काळपटपणाचे कारण बहुधा लॅब नसून आपल्या पडद्याचा उजेड आहे. नव्या मॉनिटरचा ब्राइटनेस कारखान्यातूनच फार वाढवलेला असतो. त्यावर योग्य दिसणारे चित्र प्रत्यक्षात अंधारलेले असते, आणि कागदाला स्वतःचा उजेड नसतो. अंधाऱ्या खोलीत काम करणे टाळावे, ब्राइटनेस उतरवावा, शक्य असल्यास कॅलिब्रेटर भाड्याने आणून एकदा पडदा जुळवून घ्यावा. फाइल एसआरजीबी या सर्वत्र चालणाऱ्या रंगअवकाशात (रंगांच्या ठरलेल्या संचात) द्यावी, लॅबने दुसरे काही सांगितले नसेल तर. अ‍ॅडोबी आरजीबीतली फाइल प्रोफाइल न वाचणाऱ्या यंत्रावर गेली, तर रंग मरगळलेले येतात. मेगापिक्सेलचे म्हणाल, तर ६००० बाय ४००० बिंदूंचे चित्र छत्तीस इंच रुंदीवर पसरल्यास इंचाला साधारण १६६ बिंदू मिळतात. ३०० हा आकडा हातात धरून पाहायच्या छपाईसाठी चांगला, पण एवढा मोठा अल्बम मांडीवर ठेवून पाहताना १६६ बिंदू खटकत नाहीत. मात्र त्यातून पुन्हा निम्मे चित्र कापू नये.

प्रश्न : शेजाऱ्याशी हद्दीचा वाद चालू आहे. जुन्या कुंपणाचा फोटो माझ्याकडे आहे, पण अंधारात काढल्यामुळे तो मी उजळ केला. न्यायालयात तो ‘एडिट केलेला’ म्हणून नाकारला जाईल का? खरा फोटो आणि बदललेला फोटो ओळखतात कसा? (नागपूर)

उत्तर : कायदेशीर सल्ला आपल्या वकिलांकडूनच घ्यावा, मी छायाचित्राच्या बाजूने सांगतो. नुसते उजळ केल्याने कुंपणाची जागा बदलत नाही, पण आपण उजळच केले आणि दुसरे काही केले नाही, हे दाखवता आले पाहिजे, आणि ते फक्त मूळ फाइलवरून दाखवता येते. ती फाइल फोनमध्ये किंवा कार्डावर असेल, तर तिथून हलवू नये, पुन्हा जतन करू नये, तिची प्रत संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेली प्रत उपयोगाची नाही, कारण त्या प्रवासात चित्र नव्याने दाबले जाते आणि तारीख, वेळ, कॅमेरा ही एक्झिफ माहिती गळून जाते.

बदल ओळखण्यासाठी तज्ज्ञ प्रथम फाइलचा इतिहास पाहतात आणि मग चित्र. सावल्यांच्या दिशा एकाच दिव्याशी जुळतात का, प्रतिबिंबे योग्य जागी आहेत का, एखाद्या तुकड्याचा खडबडीतपणा इतरांहून वेगळा आहे का, गवताचा किंवा विटांचा तोच नमुना दोनदा आला आहे का, हे त्यांतले मुख्य प्रश्न. चित्र अपलोड करताच ‘किती टक्के खोटे’ हे सांगणाऱ्या संकेतस्थळांवर मी विसंबणार नाही. साधे जेपेग दोनदा जतन केले, तरी त्यांचा निकाल बदलू शकतो. काही नव्या कॅमेऱ्यांत, उदाहरणार्थ २०२३ मध्ये आलेल्या लायका एम११-पी मध्ये, चित्र टिपतानाच त्याच्या उगमाची डिजिटल स्वाक्षरी जोडण्याची सोय आहे, पण आपल्या जुन्या फोटोला तिचा उपयोग नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद सादर करताना प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाइलचे हॅशमूल्य नमूद करावे लागते. हॅशमूल्य म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला अंक-अक्षरांचा ठसा. एक बिंदू बदलला तरी तो ठसा पूर्ण बदलतो. म्हणून मूळ फाइलचे हॅशमूल्य आजच काढून वकिलांकडे द्यावे, उजळ केलेली प्रत स्वतंत्र नावाने ठेवावी आणि तिच्यासोबत कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये कोणता स्लायडर किती हलवला, याची टीप लिहून जोडावी. लाइटरूम किंवा डार्कटेबल वापरले असेल, तर मूळ फाइलला धक्का लागलेला नसतो आणि केलेल्या बदलांची नोंद त्या सॉफ्टवेअरमध्येच सापडेल. मोबाइलच्या गॅलरीत बदल केला असेल, तर तिथे ‘मूळ चित्र परत आणा’ असा पर्याय आहे का, हे पाहावे. मात्र तो दाबण्याआधी वकिलांशी बोलून घ्यावे.